लॉस एंजेलिस, १९९२ : एका घटनेची नावे आणि तिच्या स्मृती

२९ एप्रिल १९९२ रोजी लॉस एंजेलिस शहरात जो प्रक्षोभ उसळला आणि सहा दिवसांनी शमला, त्याला त्या शहरात आजही एक सर्वमान्य नाव नाही. वृत्तपत्रे त्याला ‘रायट’ म्हणतात. शासकीय अहवाल व समित्या ‘सिव्हिल अनरेस्ट’, ‘सिव्हिल डिसऑर्डर’ असे बेताचे शब्द योजतात. कृष्णवर्णीय वस्त्यांतील कार्यकर्ते व अनेक अभ्यासक ‘अपरायझिंग’ किंवा ‘रिबेलियन’ या शब्दांचा आग्रह धरतात. आणि ज्यांची दुकाने जळाली ते कोरियन रहिवासी त्या घटनेला केवळ तीन अंकांनी ओळखतात. ‘साइगू’, म्हणजे चार-दोन-नऊ. या भिन्नतेत मतभेद आहे हे उघड आहे. पण तेवढेच नाही. कोणते नाव घेतले यावरून कथा कोणत्या तारखेपासून सुरू करावयाची, तिच्यात कोणाला पात्र म्हणून घ्यावयाचे आणि कोणाला वगळावयाचे हे ठरते, असे प्रस्तुत लेखकास वाटते, आणि घटनेच्या उपलब्ध स्मृतींच्या आधारे ते येथे मांडावयाचे आहे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने इतिहासाच्या प्रांतात केलेली ही घुसखोरी आहे खरी. तथापि या प्रकरणात शब्दांनी जे काम केले ते इतिहासकारालाही टाळून पुढे जाता येण्यासारखे नाही.

प्रथम घटनाक्रम थोडक्यात सांगितला पाहिजे. ३ मार्च १९९१ रोजी मध्यरात्रीनंतर रॉडनी किंग नावाच्या पंचवीस वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाच्या भरधाव मोटारीचा महामार्ग-पोलिसांनी पाठलाग केला. शहराच्या उत्तरेकडील लेक व्ह्यू टेरेस या भागात मोटार थांबली. तेथे जमलेल्या लॉस एंजेलिस पोलिसांपैकी तिघांनी, एका सार्जंटच्या देखरेखीखाली, त्याला दांडक्यांनी व लाथांनी मारले. दांडक्याचे फटके पुढे मोजले गेले ते छप्पन भरले. समोरच्या इमारतीत राहणारा जॉर्ज हॉलिडे हा प्लंबर गोंगाटाने जागा झाला आणि आपल्या सज्जातून त्याने हा प्रकार व्हिडिओ कॅमेऱ्याने टिपला. पोलीस ठाण्याने त्याच्या चौकशीस दाद दिली नाही, तेव्हा ती फीत त्याने एका स्थानिक दूरचित्रवाणी केंद्राच्या हवाली केली. थोड्याच दिवसांत ती साऱ्या जगाने पाहिली. चार पोलिसांवर खटला भरण्यात आला. पण शहरात निःपक्षपाती ज्यूरी मिळणे दुरापास्त आहे या कारणास्तव तो शेजारच्या व्हेंचुरा परगण्यातील सिमी व्हॅली या गावी हलविण्यात आला. तेथील ज्यूरीत दहा श्वेतवर्णीय, एक लॅटिनो आणि एक आशियाई वंशाची व्यक्ती होती. कृष्णवर्णीय एकही नव्हता. २९ एप्रिल १९९२ रोजी दुपारी सव्वातीनच्या सुमारास निकाल जाहीर झाला. चौघेही निर्दोष, केवळ एका पोलिसावरील एका आरोपाबाबत ज्यूरीचे एकमत झाले नाही.

त्यानंतर काही तासांतच दक्षिण लॉस एंजेलिसमधील फ्लॉरेन्स व नॉर्मंडी या रस्त्यांच्या चौकात दगडफेक व मारहाण सुरू झाली. पोलीस तेथून माघारी गेले. शहराचे पोलीसप्रमुख डॅरिल गेट्स हे त्या संध्याकाळी पोलीस खात्यातील सुधारणांच्या प्रस्तावाविरुद्ध भरलेल्या निधिसंकलनाच्या एका समारंभाला गेले होते, ही गोष्ट शहर अजून विसरलेले नाही. महापौर टॉम ब्रॅडली यांनी संचारबंदी पुकारली. नॅशनल गार्ड आले, पाठोपाठ लष्कर व मरीन पलटणीही आल्या. मृतांची संख्या आज सामान्यतः ६३ धरली जाते. दोन हजारांहून अधिक जखमी झाले, बारा हजारांवर लोकांना अटक झाली आणि मालमत्तेचे नुकसान सुमारे शंभर कोटी डॉलर इतके झाले. पुढे १९९३ मध्ये केंद्रीय न्यायालयात नागरी हक्कांच्या भंगाबद्दल दुसरा खटला चालला, त्यात दोन पोलीस दोषी ठरले व त्यांना प्रत्येकी तीस महिन्यांची शिक्षा झाली. इतका हा सांगाडा सर्वांना मान्य आहे. वाद सुरू होतो तो सांगाड्यावर मांस चढवू लागल्यानंतर.

किंगला झालेली मारहाण सर्वांनी डोळ्यांनी पाहिली होती. मग ती फीत पुराव्यात असताना पोलीस सुटले कसे? या प्रश्नाचे जे उत्तर चार्ल्स गुडविन या भाषिक मानवशास्त्रज्ञाने ‘प्रोफेशनल व्हिजन’ (१९९४) या निबंधात दिले, ते आपल्या विभागातील प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावे असे आहे. सरकारी वकिलांची समजूत अशी होती की, फीत स्वतःच बोलते. तिला भाष्याची गरज नाही. बचावपक्षाने ती फीत नाकारली नाही, उलट आपलाच पुरावा म्हणून वापरली. त्यांनी तिचा वेग मंदावला, एकेक चित्र थांबविले, एक सलग मारहाण निरनिराळ्या ‘बलप्रयोगां’त तोडली, आणि प्रत्येक तुकड्याला पोलिसी व्यवसायाच्या परिभाषेतील नाव दिले. दोन फटक्यांमधील विराम हा ‘मूल्यमापनाचा काळ’ झाला. जमिनीवर पडलेल्या माणसाचा पाय किंचित हलला की ते ‘आक्रमण’ झाले. त्याचे अंग स्थिर राहिले की बळ ‘उतरविण्यात’ आले. पोलीस दलातीलच एका सार्जंटने तज्ज्ञ साक्षीदार म्हणून हे वाचन करून दाखविले. परिणाम असा की, ज्यूरीच्या डोळ्यांपुढे मार खाणारा माणूस हाच प्रसंगाचा कर्ता ठरला आणि मारणारे केवळ त्याच्या हालचालींना उत्तर देणारे. व्याकरणाच्या भाषेत बोलावयाचे तर कर्मणि वाक्याचे कर्तरी रूप झाले, पण कर्ता बदलून. या सर्व प्रकारात कोणी खोटे बोलले असे दाखविता येत नाही, आणि तेच त्यातील भयंकर आहे.

पोलिसांची खाजगी भाषा कोणती होती हेही नोंदले गेले आहे. वॉरेन क्रिस्टोफर यांच्या अध्यक्षतेखालील स्वतंत्र समितीने जुलै १९९१ मध्ये जो अहवाल दिला, त्यासाठी गस्तीच्या मोटारींमधील संगणकांवरून पोलिसांनी एकमेकांस धाडलेले संदेश तपासण्यात आले. किंगला मारण्याच्या थोडेच आधी त्याच तुकडीतील एका पोलिसाने एका कृष्णवर्णीय कुटुंबातील घरगुती भांडणाचे वर्णन करताना डोंगरी गोरिलांवरील एका चित्रपटाच्या नावाचा विनोद केला होता. हा योगायोग मानावा, तर १९६५ सालच्या उद्रेकाचे वर्णन करताना तत्कालीन पोलीसप्रमुख विल्यम पार्कर यांनी लोकांना प्राणिसंग्रहालयातील माकडांची उपमा दिली होती. दोन पिढ्या एकाच उपमानाच्या कुळातून शब्द उचलतात तेव्हा त्याला वैयक्तिक असभ्यता म्हणून सोडून देता येत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील सिल्विया विंटर यांनी तर या प्रकरणानंतर आपल्या विद्यापीठीय सहकाऱ्यांना उद्देशून एक अनावृत पत्रच लिहिले. बेकार कृष्णवर्णीय तरुणांसंबंधीच्या प्रकरणांना शहरातील न्याययंत्रणेतील काही अधिकारी ‘एन. एच. आय.’, म्हणजे ‘नो ह्यूमन्स इन्व्हॉल्व्हड’, अशी संक्षिप्त संज्ञा वापरीत, अशी बातमी त्यांनी ऐकली होती. ‘यात माणसे गुंतलेली नाहीत’ हे वर्गीकरण ज्यांनी केले ते अशिक्षित नव्हते. ते आपल्याच वर्गांतून शिकून गेलेले होते, मग आपण त्यांना काय शिकविले, असा विंटर यांचा प्रश्न होता. मानव्यविद्या शिकविणाऱ्याला तो चुकवता येणार नाही.

आता नावांकडे वळू. ‘रायट’ हा शब्द वृत्तपत्रीय असला तरी मुळात तो कायद्याचा आहे. कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेनुसार दोन किंवा अधिक व्यक्तींनी मिळून, कायद्याचा अधिकार नसता, सार्वजनिक शांततेचा भंग करणारा बलप्रयोग केला की तो ‘रायट’ होतो. (१८६० च्या भारतीय दंडसंहितेत दंग्यासाठी किमान पाच माणसे लागत, १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतही तीच संख्या कायम आहे.) कॅलिफोर्नियाच्या या व्याख्येत ‘का’ या प्रश्नाला जागाच नाही. कृत्य घडले एवढे पुरे. म्हणून ‘रायट’ म्हणणाऱ्याची कथा पहिल्या दगडापासून सुरू होते आणि शेवटची आग विझली की संपते.

शब्दाच्या निवडीत पैशाचाही प्रश्न गुंतलेला होता, आणि इतिहासाच्या पुस्तकांत तो फारसा येत नाही. अमेरिकेतील प्रचलित विमापत्रांत ‘रायट’ व ‘सिव्हिल कमोशन’ यांमुळे झालेल्या हानीची भरपाई मिळते. ‘इन्सरेक्शन’, ‘रिबेलियन’, ‘रिव्होल्यूशन’ यांमुळे झालेल्या हानीची मिळत नाही. म्हणजे ज्याचे दुकान जळाले त्याच्या दृष्टीने ती घटना ‘बंड’ नसणे हेच हिताचे होते. दुसऱ्या बाजूने, त्या भागाच्या प्रतिनिधी मॅक्सिन वॉटर्स यांनी ‘रिबेलियन’, ‘इन्सरेक्शन’ हे शब्द जाणीवपूर्वक वापरले, कारण त्या शब्दांमुळे जाळणाऱ्याला हेतू मिळतो, आणि हेतू मिळाला की शासनाला उत्तर द्यावे लागते. रस्त्याच्या एका बाजूला राहणाऱ्याला जो शब्द न्याय देतो तोच समोरच्या बाजूच्या दुकानदाराला बुडवतो. एवढ्या ठळकपणे शब्दार्थाची किंमत डॉलरांत मोजून दाखविणारी उदाहरणे थोडी असतील. अर्थात प्रत्यक्षात अनेक कोरियन दुकानदारांना भरपाई मिळाली नाही ती शब्दामुळे नव्हे. कॅलिफोर्नियाचा परवाना नसलेल्या, परदेशात नोंदलेल्या कंपन्यांची विमापत्रे त्यांनी स्वस्तात घेतली होती, आणि मागणीच्या वेळी त्या कंपन्या हाती लागल्या नाहीत.

‘रिबेलियन’ म्हणणाऱ्यांची कथा १९९२ मध्ये सुरू होत नाही. तिचा आरंभ निदान ११ ऑगस्ट १९६५ या दिवसापर्यंत मागे जातो. त्या संध्याकाळी मार्केट फ्राय या तरुणाला मद्यपान करून मोटार चालविल्याच्या संशयावरून पोलिसांनी अडविले, जमलेल्या गर्दीशी झटापट झाली आणि पुढील सहा दिवसांत ३४ माणसे मेली. (त्या उद्रेकाला ‘वॉट्स’चे नाव मिळाले, अटक वस्तुतः वॉट्सच्या हद्दीबाहेर झाली होती. नावे अशीही पडतात.) मॅकोन समितीने त्याच वर्षाच्या अखेरीस जो अहवाल दिला त्याच्या शीर्षकातच हा शेवट की आरंभ, असा प्रश्न होता. १९९२ नंतर त्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्यासारखे झाले. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात फायरस्टोन आणि गुडइयर यांचे टायरचे कारखाने बंद पडले, साउथ गेट येथील जनरल मोटर्सचा मोटार-कारखाना बंद पडला, बेथलेहेम स्टीलचा पोलादाचा कारखानाही गेला. हे सर्व १९८० ते १९८२ या दोन-तीन वर्षांत. ज्या कामावर माध्यमिक शिक्षण झालेला माणूस घर घेऊ शकत होता ते काम नाहीसे झाले, आणि त्याच्या जागी अमली पदार्थांचा व्यापार व ‘ऑपरेशन हॅमर’सारख्या पोलिसी मोहिमा आल्या.

परंतु लोकांच्या तोंडी या मोठ्या कारणांपेक्षा लहान रकमा अधिक आढळतात. १९७९ च्या जानेवारीत युलिया लव्ह या विधवेला तिच्या घराच्या अंगणात पोलिसांनी गोळ्या घातल्या. कलहाचे मूळ होते गॅसच्या थकलेल्या बिलाचे २२ डॉलर ९ सेंट. किंगला मारहाण झाल्यावर अवघ्या तेरा दिवसांनी, १६ मार्च १९९१ रोजी, लताशा हार्लिन्स या पंधरा वर्षांच्या मुलीला एका कोरियन दुकानदार स्त्रीने संत्र्याच्या रसाच्या बाटलीवरून झालेल्या झोंबाझोंबीनंतर पाठीमागून गोळी घातली. बाटलीची किंमत १ डॉलर ७९ सेंट. हेही दुकानातील कॅमेऱ्याने टिपले होते. ज्यूरीने सदोष मनुष्यवधाचा दोष लावला. न्यायाधीशांनी कारावास न देता देखरेखीखाली मुक्तता, समाजसेवेचे चारशे तास आणि पाचशे डॉलर दंड एवढ्यावर भागविले. वरिष्ठ न्यायालयाने ही शिक्षा कायम केली ती २१ एप्रिल १९९२ रोजी, म्हणजे सिमी व्हॅलीच्या निकालाच्या आठच दिवस आधी. कोरियन दुकानेच का जळाली, या प्रश्नाचे उत्तर देताना ज्यांच्या कथेत लताशा नाही त्यांना वंशद्वेष हाच एक हेतू दिसतो. ज्यांच्या कथेत ती आहे त्यांना तेथे फेडून न झालेला एक हिशेब दिसतो. मृत मुलीच्या नातलगांनी जाळपोळीची मागणी केली नव्हती हे मात्र दोन्ही कथांत हरवते.

‘साइगू’ या नावाकडे आता आले पाहिजे, कारण भाषेच्या दृष्टीने ते सर्वांत अर्थगर्भ आहे. कोरियन भाषेत राष्ट्रीय आपत्ती व उठाव यांना महिना व दिवस यांच्या अंकांनी संबोधण्याची रीत आहे. १९१९ ची जपानविरोधी स्वातंत्र्यचळवळ म्हणजे ‘सामिल’, तीन-एक. १९५० मध्ये सुरू झालेले युद्ध म्हणजे सहा-दोन-पाच. १९६० चा विद्यार्थ्यांचा उठाव म्हणजे चार-एक-नऊ. १९८० चे ग्वांगजू येथील हत्याकांड म्हणजे पाच-एक-आठ. लॉस एंजेलिसमधील जाळपोळीला ‘चार-दोन-नऊ’ म्हणताच ती घटना अमेरिकेच्या इतिहासातून उचलली जाऊन कोरियाच्या दुःखमालिकेत जाऊन बसते. त्या नावात ना रॉडनी किंग आहे, ना पोलीस, ना न्यायालय. आपणही ‘बेचाळीस’ म्हटले की चळवळ आणि ‘बहात्तर’ म्हटले की दुष्काळ समजतो, पण आपण वर्षाने नाव देतो. दिवसाने दिलेले नाव अधिक टोचते, कारण तो दिवस दरवर्षी परत येतो.

सुमारे २,३०० कोरियन दुकानांची हानी झाली आणि नुकसान चाळीस कोटी डॉलरच्या घरात गेले. संकटात पोलिसांशी संपर्क होईना, तेव्हा कोरियन भाषेतील नभोवाणीकेंद्रच मदतीचे ठाणे बनले. दुकानदार केंद्राला दूरध्वनी करीत आणि निवेदक कोठे माणसे हवीत ते सांगत. पोलिसांनी श्रीमंत पश्चिम भाग राखला आणि कोरियाटाउन वाऱ्यावर सोडले, ही तक्रार त्या पिढीच्या प्रत्येक आठवणीत येते. १९९३ मध्ये दाइसिल किम-गिब्सन यांनी क्रिस्टीन चॉय व इलेन किम यांच्या सहकार्याने ‘साइगू’ याच नावाचा माहितीपट काढला, त्यात दुकाने गमावलेल्या स्त्रिया बोलतात. त्यांतील एका मातेची हकीकत नोंदणे अवश्य आहे. तिचा अठरा वर्षांचा मुलगा शेजाऱ्यांची दुकाने राखण्यासाठी मित्रांबरोबर गेला आणि गोंधळात लागलेल्या गोळीने ठार झाला. दुसऱ्या दिवशी कोरियन वर्तमानपत्रात रस्त्यावर पडलेल्या एका मुलाचे छायाचित्र आले. तो आपला मुलगा नव्हे, अशी तिची खात्री होती. मुलगा पांढरा सदरा घालून गेला होता आणि चित्रातल्या मुलाचा सदरा काळा होता. नंतर तिने इंग्रजी वर्तमानपत्रातील रंगीत छायाचित्र पाहिले. काळे दिसत होते ते रक्त होते.

हॉलिडेच्या फितीला पोलिसी शब्दांनी जे केले ते येथे काळ्यापांढऱ्या शाईने केले. चित्र होते, पाहणारी आई होती, आणि तरीही काही काळ दिसले ते वेगळेच.

या स्मृतिव्यवहारात एका मोठ्या समूहाचे नाव मात्र नाहीच. दक्षिण लॉस एंजेलिस म्हणजे कृष्णवर्णीय वस्ती ही समजूत १९६५ पासून चालत आली. १९९० च्या सुमारास तेथील जवळजवळ निम्मी वस्ती मेक्सिको, ग्वाटेमाला, एल् साल्वादोर अशा देशांतून आलेल्या लॅटिनो लोकांची होती. अटक झालेल्यांत निम्म्याच्या आसपास लॅटिनो होते. मृतांतही त्यांचा वाटा मोठा होता. अनेकांना तर गुन्ह्याचा आरोप न ठेवता स्थलांतर खात्याच्या स्वाधीन करण्यात आले, आणि त्यांच्या आठवणी त्यांच्याबरोबर देशाबाहेर गेल्या. फ्लॉरेन्स-नॉर्मंडीच्या चौकात रेजिनाल्ड डेनी या श्वेतवर्णीय ट्रकचालकाला ट्रकमधून ओढून मारले, ते हेलिकॉप्टरमधून साऱ्या देशाने प्रत्यक्ष पाहिले. त्याचे नाव सर्वांना ठाऊक आहे. त्याच चौकात फिडेल लोपेझ या ग्वाटेमालाच्या स्थलांतरितालाही तसेच मारण्यात आले, आणि बेनी न्यूटन या धर्मोपदेशकाने त्याच्यावर आडवे पडून त्याचा जीव वाचविला. त्याचे नाव अभ्यासकांपलीकडे क्वचितच कोणी घेतो. ‘कृष्ण-श्वेत’ आणि ‘कृष्ण-कोरियन’ या दोन साच्यांपैकी कोणत्याही साच्यात तो बसत नव्हता. डेनीला ज्या चौघांनी इस्पितळात पोचविले ते चौघेही कृष्णवर्णीय होते. दूरचित्रवाणीवर मारहाण पाहून ते घराबाहेर पडले होते. त्यांचीही स्मृती अशीच आखूड ठरली.

हे विखुरलेले आवाज एकत्र आणण्याचा सर्वांत गंभीर प्रयत्न रंगभूमीवर झाला, हे थोडे अनपेक्षित आहे. ॲना डेव्हेर स्मिथ यांनी शेकडो मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या आणि १९९३ मध्ये लॉस एंजेलिसच्या मार्क टेपर फोरम या नाट्यगृहात ‘ट्वायलाइट : लॉस एंजेलिस, १९९२’ हा एकपात्री प्रयोग सादर केला. पोलीसप्रमुखापासून दुकानदारिणीपर्यंत सर्वांचे बोलणे त्यांनी जसेच्या तसे, अडखळण्यांसह, अर्धवट वाक्यांसह उच्चारले. इतिहासाची साधने छापताना आपण बोलणाऱ्याची वाक्ये सुधारून घेतो. शब्द शोधताना त्याने घेतलेला विराम हाही पुरावा असतो, याचे भान आपल्या मौखिक इतिहासाच्या प्रकल्पांत अजून पुरेसे आलेले नाही.

जसेच्या तसे बोलणे का जपावे याचे उत्तम उदाहरण स्वतः रॉडनी किंग यानेच पुरविले आहे. १ मे १९९२ रोजी, शहर जळत असताना, तो पत्रकारांसमोर आला. वकिलांनी तयार केलेला मजकूर आपण बाजूस ठेवला असे त्याने पुढे सांगितले आहे. कापऱ्या आवाजात तो म्हणाला, ‘कॅन वी ऑल गेट अलाँग?’ पुढे हे वाक्य विनोदी कार्यक्रमांत, सदऱ्यांवर, गाड्यांच्या पट्ट्यांवर गेले आणि त्याचे रूप झाले ‘कान्ट वी ऑल जस्ट गेट अलाँग?’ आज बहुसंख्य लोक दुसरेच वाक्य त्याचे म्हणून उद्धृत करतात. भेद दोन शब्दांचा आहे. पण तो व्याकरणाचा भेद आहे. पहिले वाक्य खरोखरीचा प्रश्न आहे: आपल्याला सगळ्यांना एकत्र नांदता येईल का? त्याचे उत्तर ‘नाही’ असेही येऊ शकते, आणि ज्याने ते विचारले त्याला ते येईल अशी भीती होती. दुसरे वाक्य प्रश्नाच्या रूपातील आर्जव आहे: जरा जमवून का घेत नाही? त्यात जमविणे सोपे आहे हे गृहीत धरले आहे, आणि किंचित वेडगळ भाबडेपणाही आहे. लोकस्मृतीने मार खाल्लेल्या माणसाचा प्रश्न काढून घेतला व त्याच्या तोंडी समाजाला सोयीचा उपदेश घातला. किंग १७ जून २०१२ रोजी वारला, तेव्हाही काही मृत्युलेखांत हे सोयीचेच वाक्य होते.

आता मराठीत या घटनेला काय म्हणावे? आपली वृत्तपत्रे ‘लॉस एंजेलिसची वांशिक दंगल’ असे लिहितात. ‘दंगल’ हा शब्द आपल्याकडे विसाव्या शतकात जवळजवळ सर्वस्वी जातीय दंगलीचा वाचक झाला, आणि १९९२-९३ नंतर मुंबईत तर ‘ब्याण्णव-त्र्याण्णव’ एवढे म्हटले तरी पुरते. या शब्दात दोन समाज समोरासमोर उभे असल्याची कल्पना अनुस्यूत आहे. कुस्त्यांच्या आखाड्यातही दंगलच होते, आणि तेथे दोन मल्ल लागतात. तो शब्द लॉस एंजेलिसला लावताच कृष्णवर्णीय व कोरियन हे दोन मल्ल ठरतात. ज्या न्यायालयाच्या निकालाने आग लागली ते प्रेक्षकांत जाऊन बसते. ‘बंड’ म्हणावे, तर विष्णुभट गोडसे यांच्या प्रवासवृत्तात १८५७ साठी हाच शब्द आहे. ते वृत्त १९०७ मध्ये छापले गेले, आणि दोनच वर्षांनी सावरकरांच्या ग्रंथाने त्याच घटनेला ‘स्वातंत्र्यसमर’ म्हटले. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले, तेव्हा सरकारने चौकशी-समितीच्या नावातच ‘रायट्स’ शब्द घातला. आपण त्याचे ‘दख्खनचे दंगे’ असे भाषांतर केले आणि सरकारचा शब्द शंभर वर्षे पाठ्यपुस्तकांत वागवला. सुप्याच्या लोकांना माणसे नको होती, कागद हवे होते. हा विवेक ‘दंगा’ या शब्दात मावत नाही. लॉस एंजेलिसमध्ये असा विवेक सर्वत्र होता असा माझा दावा नाही. लूट ही लूट होती, आणि मेलेल्यांत बहुसंख्य गरीबच होते. म्हणूनच येथे प्रारंभी ‘प्रक्षोभ’ हा शब्द योजला आहे. तो निर्दोष नाही. त्यात भाव आहे, हेतू नाही. पण निदान पहिल्या दगडाच्या आधी काही घडले होते एवढे तो मान्य करतो.

लॉस एंजेलिसच्या नगरपरिषदेने २००३ मध्ये ‘साउथ सेंट्रल’ हे बदनाम झालेले नाव रद्द करून त्या भागास ‘साउथ लॉस एंजेलिस’ असे नाव दिले. जुने रहिवासी अजून जुनेच नाव वापरतात. मृतांच्या यादीत मात्र एका माणसाला पंचवीस वर्षे नावच नव्हते. जळालेल्या एका दुकानात त्याचे प्रेत सापडले होते, आणि शवागाराच्या दप्तरात त्याची नोंद ‘जॉन डो क्रमांक ८०’ अशी होती. आपल्याकडील पंचनाम्यात त्याला ‘अनोळखी इसम’ म्हटले असते. तो कृष्णवर्णीय, कोरियन वा श्वेतवर्णीय नव्हता, लॅटिनो होता. २०१७ मध्ये त्याची ओळख पटली, आणि यादीतील क्रमांकाच्या जागी नाव लिहिण्यात आले.